डाव्या दाराचा मिडबास

"ताई, एकेक लावला तर दणका. दोन्ही लावले की फुस्स," टॅक्सीवाला काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, आणि आतल्या बाकावर तिच्या हातातलं ब्लेड होतं तिथेच थांबलं. "डिकीतलं धूड आपलं मागे गुरगुरतंय, आजोबा घोरल्यासारखं. पण दारं मुकी. मधलं काही नाहीच. जेवणात मीठ नसावं तसं." त्याने दोन्ही दारांचे स्पीकर काढून, पोत्यात गुंडाळून आणले होते, आजारी कोंबड्या आणाव्यात तसे. तिचा नवरा पुढे झाला. त्याने पोतं उघडलं, आत पाहिलं, परत झाकलं. "जुना माल आहे हो," तो म्हणाला. "किती ओढायचं त्याला? नवीन जोडी टाकू या. मी माझ्या भावात देतो." हे बोलताना तो बाकाकडे बघत नव्हता. इतक्या कष्टाने बघत नव्हता की तिला ते त्याच्या मानेवर दिसलं.

कारण हे कोडं नव्हतंच. धंद्यात पडल्यावर पहिल्या आठवड्यात माणूस शिकतो ती गोष्ट. दोन दारांत दोन स्पीकर, एकाच्या तारा सुलट आणि एकाच्या उलट जोडल्या, तर एक हवा पुढे लोटतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. दोघेही जीव तोडून काम करतात आणि मध्ये बसलेल्या माणसाच्या छातीपर्यंत काही म्हणून पोचत नाही. एकटा वाजवला तर तोच स्पीकर नवरदेवासारखा ताठ. नवऱ्याला हे ठाऊक नसणं म्हणजे न्हाव्याला कान कुठे असतात ते ठाऊक नसणं. त्याने हसून 'तारा उलट्या आहेत राव' म्हणायचं, स्क्रू काढायचा, तारांची अदलाबदल करायची, पाच मिनिटांत विषय संपवायचा. त्याने तसं केलं नाही. त्याने नवीन जोडी विकली. ती लावायला तो टॅक्सीत घुसला, आणि पोतं तिच्या बाकावर राहिलं. म्हणजे

म्हणजे दोनच शक्यता, असं ती स्वतःशी म्हणाली आणि पोतं सोडलं. उजवा स्पीकर गाडीबरोबर आलेला, त्याला कुणी हात लावलेला नाही. डावा जळला होता, तो तिने नव्याने बांधला. जुना कोन, म्हणजे हवा लोटणारा कागदी पडदा, कापून काढला, लोहचुंबकाची फट चिकटपट्टीने स्वच्छ केली, नवी कॉइल बसवली, कॉइलभोवती फिल्मच्या पातळ पट्ट्या खोचून ती मधोमध उभी केली, जाळी, कोन, रबरी कड, शेवटी टोपी. लाल ठिपका अधिकच्या टोकाला. आणि गाडीतही तिनेच लावला, कारण त्या दिवशी नवरा दाढ काढायला गेला होता आणि टॅक्सीवाल्याला धीर नव्हता. लाल तार लाल ठिपक्याला. दारातल्या तारा मात्र नवऱ्याने टाकलेल्या. तेव्हा एक तर त्याच्या तारांचे रंग चुकलेत, आणि स्वतःची चूक झाकायला त्याने तिचं काम 'जुना माल' म्हणून पोत्यात घातलं. तो हलकटपणा झाला, पण हलकटपणाशी भांडता येतं. नाही तर तिचा ठिपका चुकलाय. आणि ठिपका चुकला असेल तर

बाकाच्या खणात पेन्सिल सेल असतो, भिंतीवरच्या घड्याळातून उतरवलेला. दोन तारा लावून तो स्पीकरच्या टोकांना टेकवायचा. अधिकला अधिक. कोन बाहेर उचलला गेला तर ठिपका बरोबर. आत ओढला गेला तर चूक. एवढंच. लहान मूलही करेल. तिने मात्र स्वतःच्या कामाला आयुष्यात सेल लावला नव्हता. 'सेल नवशिक्यांचा,' बाबा म्हणायचे; 'हात बसलेल्या माणसाने कॉइल फटीत उतरवतानाच टोक ओळखायचं, वरून निघालं ते अधिक, तळातून निघालं ते उणं, त्यात विचारायचं काय?' हे वाक्य ती गिऱ्हाइकांना ऐकवायची. चहा पाजून ऐकवायची. नवरा तेव्हा काउंटरवर काहीतरी पुसत असायचा. आठवलं तर आता असं वाटतं की तो नेहमी तीच जागा पुसत असायचा.

सेल तिच्या हातात होता. टेकवलेला नव्हता.

बाहेर नवऱ्याने टॅक्सीचा आवाज लावला आणि काउंटरच्या काचेत एक बारीक थरथर आली. गेली. पुन्हा आली. नवीन जोडी वाजत होती, छान वाजत होती, छानच वाजणार. लोक स्पीकर कसा निवडतात ते ती इतकी वर्षं बघत आली होती. खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याकडे बोट दाखवतात. तो आकडा म्हणजे स्थळाने सांगितलेला पगार, निम्मा धरून चालायचा. बाबा आकडा बोलूच द्यायचे नाहीत. गिऱ्हाइकाचा हात धरून गाडीच्या दारावर ठेवायचे, दुसरा त्याच्याच छातीवर. सबवूफर डिकीत असतो, तो पोटाला लागतो. पोटाला काय, बसमध्ये बसलं तरी लागतं. मिडबास दारात असतो, तो छातीला लागतो. ढोलावर काठी पडते ना, त्या काठीचं टोक म्हणजे मिडबास. 'हातांना विचारा, कुठे जास्त कळतंय,' असं म्हणून डोळे मिटायचे, आणि मोठी मोठी माणसं दुकानाच्या दारात डोळे मिटून, एक हात गाडीवर आणि एक स्वतःवर ठेवून उभी राहायची, शपथ घेतल्यासारखी. नवरा तेव्हा बाबांच्या दुकानातला फिटर होता, डॅशबोर्डखालून त्याचे फक्त पाय दिसायचे. ती कितीतरी दिवस त्याला पायांवरूनच ओळखत होती. लग्न ठरलं तेव्हा बाबा म्हणाले होते, 'चेहरा बघून घे बाई एकदा.'

मग बाबांचे हात चुकायला लागले. एका स्पीकरमध्ये फिल्मच्या पट्ट्या तशाच ठेवून त्यांनी टोपी चिकटवली. तो वाजला तेव्हा आत कुणी पत्ते पिसतंय असा आवाज आला. एकदा जाळी उलटी. एकदा सबवूफरचा कोन मिडबासच्या सांगाड्यात बसेना म्हणून सकाळभर खटपट, आणि मग सांगाड्यावर राग. एकदा सगळं बरोबर, फक्त कॉइलच घातली नव्हती. प्रत्येक चूक नवीन, प्रत्येक चुकीची आपली आपली कल्पकता. ते दुपारी पडायला गेले की ती बाकावर बसायची, ब्लेडने टोपी कापायची आणि पुन्हा बांधायची. संध्याकाळी बाबा तोच स्पीकर वाजवून बघायचे, मान डोलवायचे, 'हात आहे अजून.' तिला त्यात पुण्य वाटायचं. नवऱ्याने एकदा विचारलं होतं, 'सांगत का नाहीस त्यांना?' आणि ती म्हणाली होती, 'तुला नाही कळायचं, तुझे वडील नाहीत ते.'

एक दिवस त्यांनी तिने बांधलेला स्पीकर हातात घेतला आणि उजेडात फिरवला. कडेला सुकलेल्या डिंकाची रेघ असते. प्रत्येकाची वेगळी, सहीसारखी. बाबांची जाड, तिची बारीक. 'हा डिंक माझा नाही,' ते म्हणाले. अगदी शांतपणे. कित्येक महिन्यांत ते इतकं बरोबर काही बोलले नव्हते. 'तुमचाच आहे बाबा,' ती म्हणाली. 'विसरलात तुम्ही.' त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग रेघेकडे, मग स्वतःच्या अंगठ्याकडे, जणू अंगठ्यालाही विचारून घ्यावं. 'असेल,' म्हणाले. त्यानंतर ते प्रत्येक गोष्टीला 'असेल' म्हणायला लागले. भूक लागली का, असेल. ही तुमची मुलगी ना, असेल.

डाव्या स्पीकरची रेघ बारीक होती. तिची. म्हणजे निदान हा तिने बांधला होता, इथपर्यंत खात्री होती. पण खात्री तरी कसली? रेघ ओळखणारी तीच आणि ओढणारीही तीच. तिने बांधताना काय काय केलं ते आठवायचा प्रयत्न केला. कॉइल फटीत उतरवली. वरचं टोक. वरचं टोक बोटाला लागलं की नाही? लागलं. नेहमी लागतं. की नेहमी लागतं म्हणून आताही लागलं असं वाटतंय? रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवली आणि तिला उगाच त्या घंटेचा राग आला. हात पुसावेसे वाटले. पुसले. थिनरचा वास नखांत तसाच. तिला उठून चहा करावासा वाटला, बाहेर जाऊन टॅक्सीवाल्याशी दोन शब्द बोलावेसे वाटले, बाक झाडून घ्यावा, खण आवरावा, काहीही. डॉक्टरच्या दाराशी जाऊन माणूस परत फिरतो तो असाच, चपला घातल्या की नाहीत ते बघायला.

टेकवला.

कोन आत गेला.

किती थोडा गेला. बोट ठेवलं नसतं तर दिसलाही नसता. झोपलेल्याने श्वास ओढून धरावा एवढा. तिने सेल काढला, पुन्हा टेकवला. आत. तारा तपासल्या, अधिकला अधिकच होतं. आत. मग तिने उजवा घेतला, गाडीबरोबर आलेला, कुणी हात न लावलेला: बाहेर. निर्लज्जासारखा बाहेर.

तर हे असं सुरू होतं, तिला वाटलं. घोषणा होत नाही. कुठे काही दुखत नाही. बोटाच्या टोकाएवढा कोन आत जातो. तिच्या कानात काहीतरी बंद झालं, आणि बाहेरचा टॅक्सीचा ठोका आता फक्त खुर्चीच्या पायांतून येत होता. ती उठली. मांडणीवर गिऱ्हाइकांची वाट बघणारे स्पीकर होते, तिने अलीकडे बांधलेले. एक मोठा सबवूफर, काही मिडबास. किती बिघडलंय ते एकदाच कळू दे, असं म्हणून ती एकेकाला सेल लावत गेली. आत. आत. सबवूफर जड, त्याला एका सेलने हलकासाच हिसका बसला, पण आत. पुढचा आत. पुढचाही. त्यापुढचा, कोपऱ्यातला, धूळ बसलेला, मालक न्यायला आलाच नव्हता असा दोन पावसाळ्यांपूर्वीचा: बाहेर. मग पुन्हा, आत.

तिथे ती थांबली. काहीतरी खटकलं. चुकीचं नव्हे, बरोबरच काहीतरी खटकलं. बाबांच्या चुका तिने ब्लेडने उघडून बघितल्या होत्या. एकीचं तोंड दुसरीला ओळखत नव्हतं. चुकायला लागलेलं डोकं इतक्या शिस्तीत चुकत नाही. ते कधी चुकतं, कधी चुकून बरोबर येतं. इथे नवीन सगळे आत आणि जुना बाहेर, शाळेच्या रांगेसारखे. तिने खण ओढला. नव्या कॉइलच्या पुडीतली एक काढली, खणाच्या तळाशी उरलेली एक जुनी काढली, दोन्ही दिव्याखाली धरल्या. तांब्याची तार. केसासारखी. जुनीतली एका बाजूने चढत होती, नवीतली दुसऱ्या. आरशात धरल्यासारखी, आणि तार उलटी गुंडाळली की कोनही उलटा चालतो. टोकं जागच्या जागीच, वरचं वर आणि तळचं तळाशी. बोटाला काही कळायचं कारणच नव्हतं.

कॉइलवाला म्हातारा वारल्यापासून त्याची सून तार गुंडाळते. ती पुडी आणायला गेली होती तेव्हा सुनेने डाव्या हाताने यंत्राचा दांडा फिरवताना तिने पाहिलंही होतं. 'डावखुरी का गं?' असं विचारलंही होतं. 'सासरे ओरडायचे म्हणून मी आधी लपून फिरवायचे,' सून हसून म्हणाली होती. दोघी हसल्या होत्या. मग पुडी घेऊन ती घरी आली होती आणि वर्षभर प्रत्येक स्पीकर उलटा बांधत राहिली होती, टोकं अगदी अचूक ओळखून.

ती खुर्चीत बसून एकटीच हसली. मोठ्याने. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कॉइल! नुसती कॉइल! सेल लावून बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. बाबांचा तोरा नडला, दुसरं काही नाही. ठिपका दुसऱ्या टोकाला दिला की झालं. तिने कापसाला थिनर लावून एका ठिपक्याचा लाल रंग पुसलादेखील. आणि पुसता पुसता हसू ओसरलं, कारण

वर्षभर.

वर्षभर ती उलटे स्पीकर बांधत होती आणि वर्षभर ते गाड्यांत जात होते. टॅक्सीवाल्याआधी एकही गिऱ्हाईक परत आलं नव्हतं. एकही नाही. कारण ते सगळे नवऱ्याने लावले होते. टॅक्सीवाल्याचा एकटाच दाढेच्या दिवशीचा. म्हणजे तो प्रत्येक स्पीकर दारात बसवण्याआधी तपासत होता. तिच्या लाल ठिपक्याला काळी तार जोडत होता. गुपचूप. डॅशबोर्डखाली तोंड घालून. आणि कॉइलची शंका त्याला आलेली नव्हती, आली असती तर तो तिथल्या तिथे ओरडला असता, असल्या गोष्टीवर तो ओरडतोच. त्याला दुसरीच शंका आली होती. ती आली की माणूस ओरडत नाही. मऊ बोलतो.

मग सगळं वर्षच उलटून तिच्यासमोर पडलं. सकाळी तो विचारतो, "आज वार कोणता गं?" आणि दिनदर्शिका त्याच्या नाकासमोर असते. तिला वाटायचं, आळशी आहे. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर त्याने नावं चिकटवली, "तुझा चष्मा सारखा हरवतो म्हणून." बँकेत बरोबर येतो. ती एखादी जुनी गोष्ट सांगायला लागली की तो पूर्ण ऐकून घेतो, पूर्वी मध्येच तोडायचा. किती बरं वाटलं होतं तिला. वय झालं की पुरुष सुधारतात, असं ती बहिणीला फोनवर म्हणालीही होती. तो ऐकत नव्हता. तो मोजत होता.

टॅक्सी निघून गेली होती. बाहेर आता एका छोट्या मोटारीचं दार उघडं होतं आणि त्यातून नवऱ्याचे पाय बाहेर आले होते, घोट्यांवर घोटे टाकून. ती पायांपाशी जाऊन उभी राहिली.

"कधीपासून तपासतोयस?"

घोटे सुटे झाले.

"काय?"

"माझे स्पीकर."

"अगं, इथे काही ऐकू येत नाहीये, आत आहे मी. चहा टाकतेस का?"

"चहा टाकायचं लक्षात राहील का माझ्या?"

पाय हलायचे थांबले. आत पक्कड कुठेतरी पडली, पडून राहिली.

"कोण काय बोललं तुला?" आतून आवाज आला.

"कॉइल उलट्या गुंडाळलेल्या आहेत," ती पायांना म्हणाली. "सगळ्या. सून डावखुरी आहे. मी टोकं बरोबर लावली होती. जुना स्पीकर बाहेर जातो, नवे सगळे आत. ये आणि बघ."

मग तो घाईने बाहेर सरकला, डॅशबोर्डवर डोकं आपटलं, "आई गं" म्हणाला आणि सीटवर तसाच बसला. केसांत धूळ. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काहीतरी पसरलं की तिला बघवेना.

"म्हणजे तू नाही?" तो म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडून यायला नको होता. मघाशी एकटीच हसताना तिच्याही मनात हेच होतं. पण त्याच्या तोंडून तो इतका दमून आला, इतक्या लांबून ओझं आणल्यासारखा, की त्याने ते कुठून कुठवर वाहिलं ते तिला दिसलं.

"मी नाही," ती म्हणाली. "कॉइल."

"कॉइल!" तो हसायला लागला. डोकं चोळत हसायला लागला. "च्यायला, कॉइल! आणि मी आपला... अगं मी त्या टॅक्सीवाल्याला खरेदीभावात जोडी दिली! तुझ्यासमोर तारा कशा बदलणार? तुला कळलं असतं ना."

"कळलं असतं तर?"

"तर तू उठली असतीस त्या बाकावरून. मग पुन्हा बसली नसतीस. तुला मी ओळखत नाही का?"

"वर्ष गेलं. पहिल्याच दिवशी बोलला असतास तर पाच मिनिटांचं काम होतं."

"बोलणार होतो गं."

"कधी?"

पलीकडच्या दुकानातून कुणीतरी शिडी ओढत नेत होतं, तिचे पाय फरशीवर घासत होते.

"बाबांचं मी जे केलं," ती म्हणाली, "ते तू माझं करायचं नाही. मागून येऊन दुरुस्त करायचं नाही. डब्यांवर चिठ्ठ्या नाहीत, वार विचारायचा नाही. जे दिसेल ते तोंडावर सांगायचं. तिथल्या तिथे."

"बरं."

"लगेच बरं म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?" तो वैतागला. वैतागला हे तिला बरं वाटलं. कित्येक महिन्यांत तो तिच्यावर वैतागला नव्हता. त्याने पक्कड शोधायला आत हात घातला, सापडली, पण उचलली नाही. तसाच पाठमोरा राहिला.

"तोंडावर म्हणतेस ना," तो म्हणाला.

"हो."

"मग एक आहे."

"बोल."

"मागल्या मंगळवारी तू दुकानाचं शटर उघडं टाकून घरी आलीस. पूर्ण उघडं. दिवेही चालू. मी पाव आणायला जातो म्हणून सांगितलं आणि येऊन ओढलं."

मंगळवार. तिने शटर ओढलं होतं. तिच्या तळव्याला पत्र्याची थंड कड आठवत होती, खालच्या फटीत अडकतं तिथे पायाने द्यायचा दणका आठवत होता, कुलूप बसल्याचा आवाज. सगळं लख्ख. फक्त ते मंगळवारचं होतं की सोमवारचं, की इतक्या वर्षांत हजारदा ओढलेल्या शटरचं मिळून एकच झालेलं, ते त्या आठवणीवर कुठे लिहिलेलं नव्हतं. घाईत कोणीही विसरतं. गेल्याच महिन्यात पलीकडचा शिडीवाला विसरला होता, लोक हसले होते. 'असेल' हा शब्द तिच्या जिभेवर आला. तिने तो गिळला.

मोटारीचं दुसरं दार उघडून ती आत बसली. पुढच्या सीटवर, त्याच्या खांद्याशेजारी. डॅशबोर्डमधून तारांचा गुंता बाहेर लोंबत होता. तो अजून वळला नव्हता.

"आणि?" ती म्हणाली.